नऊ नखं

"नखं!"

सकाळी हा एक शब्द घुमला, की ऑपरेशन थिएटरबाहेरच्या लांबलचक बेसिनपाशी हात धुवायला उभी असलेली सगळी डॉक्टर मंडळी शाळेतल्या पोरांसारखी दोन्ही हात पुढे करायची. तिशी-पस्तिशीतली, लग्नं झालेली माणसं ती. एकाला तर जुळी मुलं होती. पण सरांपुढे सगळ्यांची गत एकच. सर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून रांगेतून हळूहळू चालत आणि एकेक नख निरखून बघत. कुणाचं वाढलेलं दिसलं की झालंच. "काय हो, कुदळ परवडत नाही म्हणून नखं वाढवलीत का?" तो बिचारा कानापर्यंत लाल व्हायचा आणि हसू ऐकू जाऊ नये म्हणून बाकीचे नळ मोठे सोडायचे.

पण सर नुसती स्वच्छता बघत नसत. त्यांचं अख्खं आयुष्य एका काळ्या डागाच्या मागे गेलं होतं. दिसायला साधा तीळ, पण असतो कॅन्सर. डॉक्टर लोक त्याला मेलानोमा म्हणतात. पाठीवर, पोटरीवर, तळपायावर, कुठेही निघतो, आणि लबाड इतका की कधीकधी नखाखाली जाऊन दडून बसतो. "आपण दिवसभर दुसऱ्यांच्या अंगावरचे डाग शोधतो," सर म्हणायचे, "आपले कोण शोधणार? म्हणून एकमेकांचे बघायचे. त्यात लाज कसली?" मग पुढच्याकडे वळायचे आणि पुन्हा तेच, "नखं!"

आता गंमत बघा, एवढ्या वर्षांत सरांची नखं कधी कुणी बघितली नाहीत. "सर, आता तुमची दाखवा," असं म्हणायची कुणाची टाप होती?

ही सगळी आठवण, एकेकाळी त्याच रांगेत हात पुढे करून उभ्या राहणाऱ्या रंगारीला झाली ती काकूंचा फोन आला तेव्हा. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. सोळा-सतरा वर्षांत त्यांचा आवाज कानावर पडला नव्हता, पण "अगं, मी बोलतेय," एवढं ऐकलं आणि रंगारी खुर्चीतून उठून उभीच राहिली.

"यांच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "शाई आहे म्हणतात. मी म्हणते, अंघोळीने जात नाही ती कसली शाई? तू सहज आल्यासारखी ये आणि बघून जा. मी बोलावलंय म्हणून सांगू नकोस हं, नाहीतर माझी खैर नाही."

रंगारीने फोन ठेवला. काळजी वाटली, पण खरं सांगायचं तर तिच्या मागोमाग थोडा आनंदही झाला होता. जायला निमित्त मिळालं होतं.

तिला रंगारी का म्हणत, ते सांगायला हवं. हा जो काळा डाग असतो, तो पसरायचा झाला तर आधी जवळच्या गाठींमध्ये जातो. पायाचा जांघेत, हाताचा काखेत. या गाठी सगळ्यांच्याच शरीरात असतात, अंगातलं पाणी गाळून पुढे पाठवायचं काम करतात. सरांच्या तरुणपणी रीत अशी, की डाग जाड असेल तर गाठींचा सगळा घोस काढून टाकायचा. रंगारी तेव्हा सरांच्या हाताखाली शिकत होती. बाहेर कुठे तरी जाऊन ती एक नवीन युक्ती शिकून आली. डागाभोवती निळा रंग टोचायचा. रंग वाहत वाहत ज्या गाठीत आधी पोचेल ती पहारेकरी गाठ. तेवढीच काढून तपासायची, तिच्यात काही नसेल तर बाकीच्यांना हात लावायचा नाही.

सरांनी ऐकलं आणि भर वॉर्डात विचारलं, "म्हणजे हॉस्पिटलने आता रंगारी कामाला ठेवलाय म्हणायचं!"

झालं. त्या दिवसापासून ती रंगारी. तिचे हात आठवडाभर निळे असायचे, त्यामुळे नाव खोडून काढायचीही सोय नव्हती. नर्स, वॉर्डबॉय, लिफ्टवाला, सगळे रंगारीबाई म्हणू लागले. नवऱ्यानेही घरी तेच सुरू केलं तेव्हा तिने हार मानली. पण सर नुसते चिडवून थांबले नाहीत. पहिल्या ऑपरेशनला स्वतः समोर उभे राहिले, मदतनिसासारखे चिमटे धरून. जांघेत ती इवलीशी निळी गाठ दिसली तेव्हा मास्कच्या वर त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. "अरे, सापडली की!" एवढंच म्हणाले. रंगारीला तो दिवस नंतरही कितीदा आठवायचा. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

आणि रंगारीच्या आईचा पाय.

निळ्या रंगाच्या आधीची गोष्ट ही, रंगारी सरांकडे नुकतीच रुजू झाली होती तेव्हाची. आईच्या तळपायावर डाग निघाला. सरांनी ऑपरेशन केलं, डाग काढला आणि जांघेतल्या सगळ्या गाठीही काढल्या. एकाही गाठीत काही निघालं नाही. आजार परत आला नाही. पण अंगातलं पाणी वर न्यायची वाटच बंद झाली आणि आईचा उजवा पाय सुजला तो कायमचा. सकाळी जरा बरा, संध्याकाळी उशीसारखा.

आई मोठी खमकी. रडणं-बिडणं तिला ठाऊक नव्हतं. चपला घ्यायला गेली की एकाच रंगाचे दोन जोड घ्यायची, एक नेहमीच्या मापाचा, एक दोन नंबर मोठा. डाव्या पायात लहान, उजव्यात मोठी. उरलेल्या दोन पलंगाखाली जायच्या. "राहू देत," म्हणायची, "माझ्या उलट पायाची कुणी तरी भेटेलच." आणि भेटली हो! तपासणीला गेली असताना बाकावर शेजारी एक बाई बसलेली, डावा पाय सुजलेला. आईने तिथल्या तिथे माप विचारलं, दुसऱ्या दिवशी पिशवी भरून चपला नेऊन दिल्या, आणि त्या दोघी जन्मभराच्या मैत्रिणी झाल्या. दुकानात मग बरोबरच जायच्या. आता दोन बायकांत दोन जोड, उरलेलं काही नाही! दुकानदाराने एकदा विचारलं, "ताई, तुम्ही बहिणी का?" आई म्हणाली, "नाही, आम्ही एकाच डॉक्टरच्या."

सगळे हसायचे. रंगारीही हसायची. पण मैत्रीण भेटायच्या आधी पलंगाखाली वाकून झाडू मारताना त्या बिनजोड चपला झाडूला लागल्या होत्या, आणि तेव्हापासून तिला वाटायचं, हे करायलाच हवं होतं का?

पुढे निळ्या रंगाची युक्ती सगळीकडे रुळली. तरी एक प्रश्न उरलाच. पहारेकरी गाठीत आजार सापडला तर? जगभरचे सर्जन म्हणत, मग बाकीच्या काढल्याच पाहिजेत, त्यात विचारायचं काय? रंगारीने विचारलं. तिला अभ्यास करायचा होता. अशा अर्ध्या पेशंटांच्या गाठी काढायच्या, अर्ध्यांच्या राहू द्यायच्या आणि सोनोग्राफी करून नजर ठेवायची. कुणाचं काय करायचं ते डॉक्टरने नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. कोण जास्त जगतं ते मग बघायचं. ती हे घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली.

"घरात एक विंचू सापडला," सर म्हणाले, "आणि तू म्हणतेस बाकीचं घर न झाडता झोपू या?"

"सर, घर झाडता झाडता आपण भिंती पाडतोय."

"जीव वाचतो त्याने!"

"वाचतो की नाही तेच तर बघायचंय."

शब्दाने शब्द वाढला. रंगारीच्या तोंडून मग ते निघून गेलं, जे इतकी वर्षं पलंगाखाली पडून होतं. "आईचा पाय बघता ना तुम्ही दर वर्षी? तिचा डाग तर वरवरचा होता. तुमच्याच नियमाने तिच्या गाठींना हात लावायचं काही कारण नव्हतं. का लावलात?"

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसत बसले. खूप वेळ पुसला. मग म्हणाले, "तू जा आता."

ती गेली ती गेलीच. दुसऱ्या हॉस्पिटलात. अभ्यास तिथून उभा केला, आणखी कितीतरी हॉस्पिटलं त्यात आली, वर्षांमागून वर्षं गेली. पेशंटांना समजावताना घसा बसायचा. लोक म्हणायचे, बाई, आजार आत ठेवून घरी पाठवता? शेवटी एके दुपारी आकडे समोर आले. गाठी काढलेले आणि राहू दिलेले, दोघेही सारखेच जगले होते. फरक एवढाच की काढलेल्यांचे हातपाय कितीतरी जास्त सुजले होते. तिचं म्हणणं खरं निघालं होतं. आई त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती, म्हातारपणाने, त्याच दोन मापांच्या पायांनी. रंगारी बाथरूममध्ये गेली आणि भरपूर रडली. मग तोंड धुतलं आणि सरांना फोन करावा म्हणून नंबर काढला. केला नाही. त्यांनी करायला हवा, असं तिला वाटलं. तिकडे सरांनाही असलंच काही तरी वाटत असणार. दोघंही नाकावर माशी बसू न देणारे, करणार काय?

तर असा तो फोन काकूंनी केला.

सरांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिने तेच, दार तेच, बेलचा आवाज मात्र बदलला होता. दार काकूंनी उघडलं आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, तू? आज कशी काय वाट चुकलीस?" नाटकात घ्यायला हरकत नव्हती.

सर खिडकीशी टेबलावर बसले होते. रिटायर झाल्यापासून लोकांची जुनी शाईपेनं दुरुस्त करायचा नाद लागला होता. टेबलभर निबा, टोपणं, रबरी नळ्या आणि शाईच्या बाटल्या. अंगात पूर्वीसारखाच पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटणं घट्ट लावलेली. केस तेवढे गेले होते. त्यांनी मान वर केली, तिच्याकडे बघितलं, आणि जणू ती कालच घरी गेली होती अशा आवाजात म्हणाले, "रंगारी, तुझे केस पांढरे झाले की."

"तुमचे तर उरलेच नाहीत सर."

"ते बरं. रंगवायचा प्रश्न नाही."

काकूंनी चहा आणला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. कोण वारलं, कोण कुठे गेलं, जुळ्यांच्या बापाला आता नातवंडं झाली. रंगारीची नजर त्यांच्या उजव्या हाताकडे जात होती, आणि तो हात टेबलाखाली जात होता. शेवटी तिने कप खाली ठेवला. आवाज जमेल तेवढा खणखणीत काढला.

"सर, नखं!"

काकूंनी तोंडाला पदर लावला. सर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले, सरळ, बोटं पसरून, शाळेतल्या पोरासारखे.

उजव्या अंगठ्याच्या नखावर मुळापासून टोकापर्यंत काळा पट्टा होता.

"शाई आहे गं," सर म्हणाले. "निब चालते का ते मी नखावर घासून बघतो. आधी तुझा तो निळा रंग, आता ही. माझी नखं साफ होती कधी?"

रंगारीने काकूंकडून कापूस आणि स्पिरिट मागून घेतलं आणि नख पुसलं. वरची थोडी निळाई निघाली. पट्टा तसाच. आणि तो नखावर थांबलाही नव्हता, मुळाशी कातडीवर उतरला होता. हे तिला कोणी शिकवलं होतं? समोरच्याच माणसाने. शाई कातडीवर असेल तर धुतली जाते. धुतली जात नाही ती शाई नव्हे. हजार वेळा सांगितलं असेल त्यांनी.

सरांनी अंगठा डोळ्यांजवळ नेला, चष्म्यावरून बघितला, चष्म्यातून बघितला.

"गेल्या वर्षापासून सांगतेय मी," काकू म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटला.

"आयुष्यभर जगाची नखं बघितली," सर हळूच म्हणाले, आणि हसले. "बघ कसा फसलो. ऑपरेशन तू करणार ना?"

"मीच करणार."

"बरं. मग चहा संपव."

नखाखालचा तुकडा तपासला, मेलानोमाच निघाला, आणि अंगठ्याचं वरचं पेर काढावं लागलं. त्याच वेळी रंग टोचून काखेतली पहारेकरी गाठही काढली. टेबलावर आडवे झाल्यावर झोपेचं औषध चढेपर्यंत सर बोलतच होते. "नीट निळं कर हं, कंजूषपणा नको." गाठ सापडली तेव्हा रंगारीला समोर चिमटे धरून उभे असलेले ते जुने डोळे आठवले. 

चार-पाच दिवसांनी रिपोर्ट आला. गाठीत आजार होता. इवलासा, खसखशीच्या दाण्याएवढा.

आता बघा. अशा वेळी काय करायचं हे जगाला कोणी सांगितलं होतं? रंगारीने. बाकीच्या गाठी राहू द्यायच्या आणि नजर ठेवायची. तिचाच अभ्यास, तिचेच आकडे, त्यापायी तिने आयुष्याची उमेदीची वर्षं घातली होती. पण तो कागद तिने वाचला, आणि उठून थिएटरच्या सिस्टरला सांगितलं, "परवा सकाळची वेळ ठेवा. काख पूर्ण साफ करायची आहे." सिस्टरने भुवया उंचावल्या. इतक्या वर्षांत बाईंनी असं सांगितलेलं तिने ऐकलं नव्हतं. रंगारीने तिकडे बघितलंच नाही. डाग जाड होता, सरांचं वय झालंय, नखाखालचा प्रकार वेगळा असतो, अशी कारणं ती जिना चढता चढता मनात जुळवत होती. एखादा विद्यार्थी असली कारणं घेऊन आला असता तर तिने त्याला दाराबाहेर काढलं असतं.

सर खोलीत उशीला टेकून बसले होते. हाताला पट्टी, डाव्या हाताने पेनाचं टोपण फिरवून बघत होते. काकू खाली औषधं आणायला गेल्या होत्या.

"सर, परवा पुन्हा आत जायचंय. काखेतल्या सगळ्या गाठी काढू."

टोपण थांबलं. "रिपोर्ट काय म्हणतो?"

"एका गाठीत आहे. दाण्याएवढं."

"सोनोग्राफीत बाकी काही?"

"काही नाही."

"बरं. असा रिपोर्ट आला की तू लोकांना काय सांगतेस?"

तिने रिपोर्टची घडी घातली.

"अगं, विचारतोय मी. उद्या एखादा ड्रायव्हर आला, एखादी शिक्षिका आली, रिपोर्ट हाच. काय सांगशील?"

"बाकीच्या राहू द्या म्हणून सांगेन," रंगारी म्हणाली. "कॅन्सरची औषधं देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, आणि दर चार महिन्यांनी माझ्याकडे या, डोळ्यांत तेल घालून बघू. काही दिसलंच तर तेव्हा काढू."

"मग मी काय तुझं घोडं मारलंय?"

एरवी ती हसली असती. आज भडकली. "तुम्ही ड्रायव्हर नाही सर! हजार माणसांचा हिशेब हजार माणसांना लागू होतो. तुम्ही एकच आहात. मागे एखादा दाणा राहिला आणि तुम्हाला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? काकूंना? सोळा वर्षं मूर्खासारखी रुसून बसले मी, आता कुठे भेटलात. मला भीती वाटते सर. खरंच भीती वाटते. मला मागे काही ठेवायचं नाही."

सरांनी चष्मा काढला. उजवा हात पट्टीत होता, म्हणून डाव्याच हाताने चादरीच्या टोकाला पुसू लागले. रंगारीला तो केबिनमधला दिवस आठवला आणि आता पुन्हा "तू जा" म्हणतात की काय असं तिला वाटलं.

"तू मला एक विचारलं होतंस," सर म्हणाले. "आईच्या गाठींना हात का लावलात म्हणून. उत्तर द्यायचं राहिलं."

"जाऊ द्या ना ते आता."

"जाऊ द्या कसं? तिचा डाग वरवरचाच होता. दुसरी कुणी असती तर डाग काढला असता, टाके घातले असते आणि घरी पाठवली असती. पण ती तुझी आई होती. तू त्या दिवशी बेसिनपाशी नखं पुढे करून उभी होतीस. मी बघत होतो, तुझे हात थरथरत होते. आणि तू मला म्हणालीस, सर, मागे काही ठेवू नका."

रंगारी म्हणणार होती की असं काही झालंच नाही. तेवढ्यात तिला तो मोठा सोडलेला नळ ऐकू आला, थंड पाणी कोपरावरून ओघळत होतं, आणि स्वतःचा तेव्हाचा बारीक आवाज आठवला. हेच शब्द. आत्ता, मिनिटाभरापूर्वीही तेच.

ती खुर्चीत बसली. "तुम्ही हे तेव्हाच का नाही सांगितलंत? केबिनमध्ये? मी तुम्हाला नाही नाही ते बोलले."

"काय सांगू? तू म्हणालीस म्हणून कापलं? एवढा मोठा सर्जन मी, कालच्या पोरीच्या सांगण्यावरून चालतो होय? नाही गं. तू बोलली नसतीस तरी मी तेच केलं असतं. तुझी आई माझ्या टेबलावर होती आणि मी घाबरलो होतो. माणूस आपलं असलं की सुरी खोल जाते, रंगारी. तेव्हा माझी गेली. परवा तुझी जाईल. आयुष्यभर त्या बाईने दोन मापांच्या चपला घातल्या, त्या तुझ्या-माझ्या मायेपायी."

 बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

"तुझा अभ्यास खरा आहे ना?" सरांनी विचारलं.

"खरा आहे."

"मग माझ्या बाबतीतही खरा असू दे. माझी पेनं पडून आहेत घरी. मला हा हात हवाय."

रंगारीने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि खिशातून फोन काढून तिथूनच सिस्टरला लावला. "परवाची वेळ रद्द करा. नाही, पेशंट नाही म्हणाला असं नाही. मी नाही म्हणतेय." फोन ठेवून तिने पुन्हा डोळे पुसले. सरांनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

तेवढ्यात काकू औषधांची पिशवी घेऊन आत आल्या. दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून दारातच थबकल्या. "काय झालं? कधी आहे ऑपरेशन?"

"नाही करायचं," रंगारी म्हणाली. "वाट बघायची. आणि काकू, एक काम तुमच्याकडे. उद्यापासून रोज सकाळी यांची नखं बघायची. हातांची, पायांची, सगळी. शाई आहे म्हणाले तर ऐकून घ्यायचं नाही."

"अगं, इतकी वर्षं तेच तर हवं होतं मला," काकू म्हणाल्या.

ते चार महिने रंगारीने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. जीव टांगणीला लागला होता. फोन वाजला की आधी काकूंचा तर नाही ना, असं वाटायचं. काकूंचे फोन यायचेही, पण ते तक्रारीचे. "सकाळी उठून नखं म्हटलं की हात पुढे करतात आणि म्हणतात, मोजून घे, नऊ आहेत. रोज तोच विनोद. मी किती दिवस हसू?"

तपासणीच्या दिवशी सर वेळेच्या आधीच येऊन बसले होते, त्याच जुन्या शिस्तीने. सोनोग्राफी रंगारी स्वतःच करायची, दुसऱ्यावर तिचा भरवसा नव्हता. सरांनी शर्ट काढला, उजवा हात डोक्यावर घेतला. तिने काखेत गार जेली लावली.

"गार आहे गं!"

"सर, बोलू नका, हलतंय."

ती यंत्र फिरवत राहिली, वर, खाली, पुन्हा वर. पडद्यावर गाठी दिसत होत्या, एकेक, चवळीच्या दाण्यांसारख्या, आपापल्या जागी निवांत. सगळ्या जशा असायला हव्या तशाच. तिने पुन्हा पहिल्यापासून बघितलं. सर पडद्याकडे बघत नव्हते, तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो काखा रिकाम्या केल्या होत्या. स्वतःची भरलेली काख त्यांना तिच्या तोंडावरूनच वाचायची होती.

"काही नाही सर," ती म्हणाली. "सगळं ठीक आहे. आता चार महिन्यांनी."

"येईन की," सर म्हणाले.

ते उठून बसले. काकूंनी जेली पुसायला टॉवेल दिला. सरांनी शर्ट चढवला आणि मनगटांशी बटणं लावू लागले. उजवा अंगठा अर्धा असल्यामुळे डाव्या बाहीचं बटण निसटत होतं. काकू मदतीला पुढे झाल्या, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. एकदा निसटलं, दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा लागलं. मग त्यांनी दोन्ही हात रंगारीपुढे धरले, नखं दाखवताना धरायचे तसे.

नखं नऊच होती. पण ते दाखवत होते बाह्या. दोन्ही एकाच मापाच्या, दोन्हींची बटणं लागलेली. मनगट कुठे आवळलं नव्हतं.

रंगारीने दोन्ही हात हातात घेतले आणि तशीच उभी राहिली. आईच्या चपला अजून तिच्या घरी पलंगाखाली होत्या. ती उलट पायाची मैत्रीण आईच्या आधी गेली, तेव्हापासून त्या पुन्हा उरायला लागल्या होत्या.

"अगं सोड," सर म्हणाले, "बाहेर तुझे पेशंट थांबलेत."